दारावर डकवलेल्या समन्सास

रा. रा. समन्स यांस,


तुम्ही आमच्या पेठ तालुक्यात येता तेव्हा बऱ्याचदा घराला कुलूप असतं. भात-नागली घरात आली की माणसं सावळघाट ओलांडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. बेलीफ येतो, हाका मारतो आणि शेवटी तुम्हाला दारावर डकवून निघून जातो. घरधनी परततो तोवर तुमची एक कड सुटलेली असते आणि तारीखही टळलेली असते. तुमच्यातलं शेवटचं वाक्य मात्र ठणठणीत असतं: हजर न राहिल्यास तुमच्या गैरहजेरीत दाव्याचा निकाल केला जाईल.

धरून चालू की तुमच्यासोबत दवाखान्याच्या जुन्या बिलाचा दावा आला आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे 2021 मध्ये, बापाला नाशिकच्या खासगी दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलं होतं. अनामत भरली, उरलेल्या रकमेच्या हमीपत्रावर पोराने सही केली. आता दावा लावलाय तो दवाखान्याने नव्हे, ते येणं विकत घेतलेल्या भलत्याच कंपनीने.

अशा वेळी आमचा माणूस दोन गोष्टी करतो. एक तर तुम्हाला पिशवीत कोंबून विसरून जातो, नाहीतर घाबरून वसुलीवाल्याला फोन लावतो. तुमचा धनी या दोन्हींवरच जगतो. ही रीत नवी नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, त्यामागे एकतर्फी हुकूमनाम्यांचाही जाच होता. कुळ कोर्टात यायचं नाही, सावकार म्हणेल तो आकडा कायम व्हायचा. म्हणून 1879च्या डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्टने कोर्टाला सांगितलं की नुसतं खत पाहू नका, कर्ज मुळापासून तपासा. आज तपासायला कोर्ट तयार असतं, पण प्रतिवादीने तोंड उघडलं तर.

तेव्हा आमचं म्हणणं लेखीच घ्या. तुम्ही हातात पडल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्यायची असते. सबळ कारण असेल तर कोर्ट 90 दिवसांपर्यंत थांबतं. तुमच्यावर ‘ऑर्डर 37’, म्हणजे संक्षिप्त दावा, असं छापलेलं असेल तर नुसतं हजर व्हायलाही दहाच दिवस असतात.

कैफियतीत तुमच्या धन्याला पहिला सवाल: तुम्ही कोण? येणं विकत घेतलं म्हणता, तर दवाखान्याने ते तुमच्या नावे केल्याचा सहीचा लेख दाखवा. संपत्ती हस्तांतरण कायद्याचं 130वं कलम तो लेख मागतं. 132वं कलम सांगतं की दवाखान्याला जे ऐकवता आलं असतं ते तुम्हालाही ऐकवता येतं. म्हणजे अनामतीची पावती तुमच्याही हिशेबातून वजा होते.

दुसरा सवाल: हिशेब कुठे आहे? बिलावर ‘इतर’ आणि ‘कन्झ्युमेबल्स’ अशा दोन ओळींत निम्मी रक्कम बसवलेली असेल तर तपशील मागणारच. 21 मे 2020च्या अधिसूचनेने राज्य सरकारने खासगी दवाखान्यांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधले होते: साध्या वॉर्डला दिवसाला 4,000, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता विभागाला 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये. काही गोष्टी त्याबाहेर होत्या. कुठल्या, ते बिलाने सांगावं.

तिसरा सवाल मुदतीचा. असल्या पैशाच्या दाव्याला तीन वर्षं असतात. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ वगळला, म्हणून मे 2021च्या बिलाची मुदत फेब्रुवारी 2025च्या अखेरीस संपते. दावा त्यानंतरचा असेल तर तो मुदतबाह्य. कोर्टाने हे आपणहून पाहायचं असतं, तरी कैफियतीत लिहिलेलं बरं.

फोनवरचा गोड आवाज इथेच आडवा येतो. “दादा, पाचशे टाका, इथं सही करा, केस मिटवतो.” मुदत चालू असताना सही करून दिलेली लेखी कबुली, किंवा आपल्या हातच्या लेखी नोंदीसह भरलेले पैसे, तीन वर्षं नव्याने मोजायला लावतात. मुदत संपल्यावरही ‘देईन’ असं लिहून सही केली की मेलेलं देणं करार कायद्याच्या 25व्या कलमाने उठून बसतं. तेव्हा कोर्टात म्हणणं मांडण्याआधी सही नाही. चेक दिला असेल आणि तो न वटल्याची नोटीस आली तर ते प्रकरण फौजदारी असतं; त्यात पैसे भरायला 15 दिवसच मिळतात.

आणि धाक किती घालायचा, तेही ठरलेलं आहे. बाप गेला असेल आणि वारसाची हमीपत्रावर सही नसेल, तर त्याचं देणं वारशात आलेल्या मिळकतीपुरतंच. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतीला लागणारे बैल-अवजारं यांवर जप्ती येत नाही. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जात नाही, हुकूमनाम्यापोटीच्या विक्रीतही नाही. महसूल संहितेचं 36-अ कलम तसं सांगतं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून आम्ही घरी बसू, अशीही आशा धरू नका. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, 1987च्या विधी सेवा कायद्याने. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा किंवा 15100 फिरवायचा. लोकअदालतीत तडजोड करायची तर आकडा नीट वाचूनच, कारण त्या निवाड्यावर अपील नसतं.

बागेतून परतेपर्यंत एकतर्फी हुकूमनामा झालाच असेल, तरी तो रद्द करून घ्यायला 30 दिवस असतात. समन्स रीतसर बजावलंच नव्हतं, तर हे दिवस कळल्या तारखेपासून मोजतात. बागायतदाराकडचा हजेरीचा कागद तेव्हा कामी येतो.

डॉक्टरांनी माणूस वाचवला असेल तर त्यांचे रास्त पैसे बुडवायची आमची नियत नाही. रास्त किती ते उघड्या कोर्टात ठरू द्या. पुढच्या तारखेला आम्ही पावत्या घेऊन हजर आहोत. तुमच्या धन्याला मूळ कागद घेऊन यायला सांगा.

कळावे,
पेठचा एक प्रतिवादी