आधी ग्लुकोमीटर, मग मत

नवशिक्याची चूक सहसा एकटी नसते. सगळ्यांना दिसते तिच्याखाली आणखी एक दडलेली असते. रुग्णवाहिकेवरच्या नोकरीच्या सुरुवातीला दिसणाऱ्या चुकांसाठी मी बोलणी खाल्ली. खालच्या चुका माझ्याशिवाय फारशा कोणाला कळल्या नाहीत.

इतर अनेक राज्यांत गाडीवर तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ सुरू झाली ती डॉक्टरसकट, आणि हा डॉक्टर बहुतेक वेळा माझ्यासारखा बीएएमएस असतो. सोबतीला चालक, त्याला सगळे पायलट म्हणतात. पदवी हातात होती, त्यामुळे गाडीत शिकण्यासारखं फार काही उरलं नसेल, असा माझा समज होता.

एका पहाटे ड्युटी घेताना रजिस्टरमध्ये ‘ऑक्सिजन’समोर टिक केली. सिलिंडर जागेवर दिसला, तेवढं मला पुरलं. काट्याकडे पाहिलंच नाही. त्या दिवशी वर्षानुवर्षं बिडी ओढलेले, सीओपीडीचे एक आजोबा गाडीत आले. धाप पाहून मी मास्क लावला आणि फ्लो दहावर नेला. घाटात काट्याकडे नजर गेली. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दहा लिटरनं तो अडीच तास पुरतो. आमच्याकडे जेमतेम पाचवा हिस्सा होता, म्हणजे अर्धा तास. रस्ता तासाभराचा. जोडीचा सिलिंडर रिकामा.

पुरवून वापरायचा म्हणून नाकात नळी लावून फ्लो दोनवर आणला आणि बोटावरच्या आकड्याकडे जीव मुठीत धरून बघत बसले. सॅच्युरेशन नव्वदच्या आसपास टिकलं. मघापासून पेंगणारे आजोबा उलट बोलायला लागले. अशा रुग्णांत ८८ ते ९२ पुरे, जास्त ऑक्सिजननं रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येऊ शकते, हे मी परीक्षेत लिहून आले होते. सिलिंडर भरलेला असता तर दहा लिटर तसाच चालू राहिला असता, आणि मला काही चुकलंय असं वाटलंही नसतं. काटा न पाहिल्याबद्दल वरिष्ठांनी झापलं. फ्लोबद्दल कोणी विचारलं नाही.

दुसरा प्रसंग रात्रीचा. फोनवरच निरोप होता, ‘पिऊन पडलाय’. टपरीबाहेर एक मध्यमवयीन माणूस, तोंडाला दारूचा वास, शिव्या देत माझा हात झटकत होता. मी गाडीत घेतला, कुशीवर झोपवला आणि फॉर्मवर निदान लिहूनही टाकलं. पायलट काका आरशातून बघत होते. म्हणाले, “मॅडम, हवा गार आहे आणि ह्याचा शर्ट पिळून निघालाय. शुगर बघितली का?”

बघितली नव्हती. काकांनी गाडी बाजूला घेतली. ग्लुकोमीटरवर ३८ आलं. सत्तरच्या खाली गेली की आपण कमी म्हणतो. त्यांनी हात धरून ठेवला, मी शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं. रुग्णालय यायच्या आत माणूस उठून बसला आणि विचारू लागला, “माझी सायकल कुठंय?” दारू तो प्यायला होताच, पण उपाशीपोटी दारू यकृताला नवी साखर बनवू देत नाही, हे त्या वासात मी विसरले होते.

आता सगळं निस्तरलं, या आनंदात मी कॅज्युअल्टीत सांगितलं, “शुगर लो होती, करेक्ट केली.” तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, “मधुमेहाची गोळी घेतो का? कोणती?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्याच मोबाईलवरून बायकोला फोन लावला. तिनं पाकिटावरचं नाव अक्षर अक्षर वाचून दाखवलं: ग्लिमेपिराइड. सकाळी गोळी घेतलेली, दिवसभर पोटात अन्न नाही. या गोळीचा असर लांबतो. डेक्स्ट्रोजनं चढलेली साखर काही तासांनी परत उतरू शकते. “हा बरा दिसतोय म्हणून घरी गेला असता, तर पहाटे परत पडला असता,” बाई म्हणाल्या आणि त्याला दाखल करून घेतलं.

काकांनी पकडलेली चूक मी पुढे बऱ्याच जणांना हसत सांगितली. गोळी न विचारल्याची मात्र बरेच दिवस कोणाला सांगितली नाही, कारण ती शुद्ध बेफिकिरी होती आणि तीही कौतुक करून घ्यायच्या घाईतली.

आता नवीन मुलं गाडीवर आली की ड्युटी घेताना त्यांच्याकडून दोन्ही सिलिंडरचे काटे मोठ्यानं वाचून घेते. शुद्ध हरपलेला किंवा बरळणारा प्रत्येक माणूस, वास कसलाही येवो, आधी त्याची शुगर. नातेवाईक गाडीत चढताना औषधांची पिशवी सोबत घ्यायला सांगायची. आणि फॉर्मवरचा निदानाचा रकाना सर्वांत शेवटी भरायचा. मुलं कंटाळतात. फोनवर ‘पिऊन पडलाय’ ऐकलं की माझंही निदान आजसुद्धा गाडी सुरू व्हायच्या आत ठरलेलं असतं. फक्त आता ते लिहायच्या आधी मी बोटाला सुई टोचते.