पाणसळ

स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहून द्यावी, असे संपादक मंडळाने कळविले. माजी विद्यार्थ्यांच्या यशाविषयी इतर सहकारी लिहितीलच. मला लिहायचे आहे ते काही आठवड्यांसाठी आपल्या विद्यालयात येऊन जाणाऱ्या आणि पुढे कोणाच्या फारशा लक्षात न राहणाऱ्या छात्राध्यापकांविषयी.

२०१५ पासून बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शाळेतील प्रत्यक्ष कामाचा काळ एकूण २० आठवड्यांवर गेला. तेव्हापासून दरवर्षी आठ-दहा मुले-मुली आपल्याकडे आंतरवासितेसाठी येतात. बहुतेक जण आपल्याच वस्त्यांतले, घरातले पहिले पदवीधर. त्यांच्या पाठांना मागच्या बाकावर निरीक्षक म्हणून बसण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे आहे. माझा विषय इतिहास. पण शिक्षक कमी पडले की विज्ञानाच्या पाठालाही मीच बसतो.

अशाच एका पाठात एक छात्राध्यापिका द्रवाचा दाब शिकवीत होती. हातातला खडू दोनदा मोडला. टाचण पुस्तकाखाली लपवून ती वाचत होती आणि वाक्य संपायच्या आत फळ्याकडे वळत होती. तास संपल्यावर मी तिच्या वहीत लाल शाईने शेरा लिहिला : ‘आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. आत्मविश्वासाचा अभाव.’ ती ‘हो सर’ म्हणाली आणि वही मिटून निघून गेली. शेरा खरा होता. पण त्यावर उपाय काय, हे मी लिहिले नव्हते. कारण ते मलाही ठाऊक नव्हते.

त्या वर्षी मुख्याध्यापकांनी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या अलीकडच्या रविवारी पालक मेळावा ठेवला. भाषणे नाहीत, सत्कार नाहीत. सभागृहात सतरंज्यांवर प्रयोगाचे साहित्य मांडायचे आणि आई-वडिलांनी आपल्या मुलाबरोबर बसून प्रयोग करायचे. छात्राध्यापकांना एकच अट : स्वतः प्रयोग करून दाखवायचा नाही, हात मागे ठेवायचे.

मी विरोध केला. पालक रोजगार बुडवून, एस.टी.ने लांबून येतात. त्यांना लेकराजवळ चार घटका निवांत बसू द्यावे, असे माझे म्हणणे. खरे कारण वेगळे होते. मी ज्या शाळेत शिकलो तेथे विज्ञानाचे साहित्य काचेच्या कपाटात कुलूपबंद असे. ‘फुटले तर भरून कोण देणार?’ हे वाक्य आम्हा विशिष्ट मुलांकडे पाहूनच उच्चारले जाई. प्रयोग आम्ही पाठ केले, हाताने एकही केला नाही. आपल्या पालकांना सर्वांदेखत पुन्हा तसेच अवघडून बसावे लागेल, ही भीती माझ्या मनात होती.

रविवारी प्रथम तसेच घडले. आया पदर सावरून भिंतीकडेला बसल्या. मग हळदीच्या कागदावर साबणाचे पाणी पडून तो लाल झाला, लिंबू पिळताच पुन्हा पिवळा झाला, आणि सतरंज्या भरू लागल्या. शेजारी गढूळ पाण्यात तुरटी फिरविली जात होती. तेथल्या छात्राध्यापकाने निवळलेले पाणी आणि पिण्यायोग्य पाणी यांतला फरक नीट समजावून दिला. त्यावर आठवीतल्या एका मुलाने मला विचारले, ‘सर, सत्याग्रहानंतर चवदार तळ्यात शेण-गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून पाणी शुद्ध केलं, ते कोणत्या नियमानं?’ १९२७ चा महाडचा सत्याग्रह मी इतकी वर्षे शिकवीत आलो. हा प्रश्न इतक्या सरळपणे मला कोणी विचारला नव्हता.

त्या मुलीकडे पाणसळीचा प्रयोग होता. पारदर्शक नळीत पाणी भरायचे, दोन्ही टोके उभी धरायची. दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीत येते. एका आईने व तिच्या सातवीतल्या मुलाने टोके धरली. पाणी एका पातळीत येईना. दोन बोटांचा फरक. भोवती पंधरा-वीस माणसे. मी दारापाशी उभा होतो. आता ती फळा शोधणार, असे मला वाटले.

ती म्हणाली, ‘चूक कुठं होतेय ते मला कळत नाही. आपण सगळे मिळून शोधू या.’

क्षणभर कोणी बोलले नाही. मग ती आईच हळू आवाजात म्हणाली, ‘मॅडम, नळीत बुडबुडा ऱ्हायलाय. त्यो काढल्याबिगर लेवल येत न्हाई.’

बाई गवंड्याच्या हाताखाली बिगारी होत्या. रोज जोत्यावर हीच नळी धरून उभ्या राहत.

‘ताई, तुम्ही दाखवा,’ असे म्हणून ती खाली सतरंजीवर त्यांच्या शेजारी बसली. बाईंनी पदर खोचला, नळीवर टिचक्या मारीत बुडबुडा वर सरकवून बाहेर काढला आणि मुलाला दटावले, ‘आंगठा काढ तोंडावरचा, हवा लागू दे.’ पाणी डुलले आणि दोन्हीकडे एका रेषेत स्थिरावले. तेवढ्यावर तिने विषय संपविला नाही. ‘बुडबुडा असताना कोणत्या बाजूचं पाणी वर दिसतं, ताई?’ ‘बुडबुड्याच्या बाजूचं.’ ‘का?’ याचे उत्तर बाईंना देता येईना. ते तिने दिले. तळाशी दोन्हीकडचा दाब सारखा असावा लागतो. हवेला वजन नसल्यासारखेच. बुडबुड्याने जेवढी जागा अडविली, तेवढे पाणी त्या बाजूला वर चढते. मी दारापाशी होतो, सभागृहात गलका होता आणि मला तिचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

बाकीच्यांतही फरक दिसला, पण तो सगळ्यांत सारखा नव्हता. एकाने अट मोडून सगळे प्रयोग स्वतःच केले. त्याच्या सतरंजीवर शेवटी मुलेच उरली.

दुपारी जेवायला निघताना त्या बाई भोजनगृहाच्या व्हरांड्यात थांबल्या. कोबा नवा होता. तरीही पावसाचे पाणी आत शिरे आणि मुली ते केरसुणीने लोटीत. ‘ह्यो उतार उलटा हाय,’ बाई म्हणाल्या. छात्राध्यापिका धावत जाऊन नळी घेऊन आली. भिंतीवर आणि समोरच्या खांबावर सारख्या उंचीच्या खुणा केल्या, तेथून जमिनीपर्यंत फूटपट्टीने मोजले. भिंतीकडचे अंतर अर्धा इंच जास्त भरले. पाणी अंगणाकडे नव्हे, दाराकडे वाहत होते. आकडे तिने आपल्या टाचणवहीत टिपले आणि बाईंना वाचून दाखवले. बाईंनी वहीत पाहिले, मग मुलाला पुन्हा मोजायला लावले.

तो कागद आम्ही ठेकेदाराला दाखविला. मे महिन्यात कोबा फोडून पुन्हा करून घेतला.