बरकतपुऱ्याची सायलीन

हैदराबादेत बरकतपुरा चमनकडून काचीगुड्याकडे जाताना आज दोन्ही हातांना अपार्टमेंट दिसतात. साठ-सत्तरच्या दशकांत इथे बैठी घरं होती आणि घरापुढे अंगणं. त्यातल्या एका मराठी घराच्या अंगणात तगर-जास्वंदीच्या पायाशी हिवाळ्यात फ्लॉक्स, डायंथस आणि एक अनोळखी गुलाबी फूल डोलायचं. वडील टपालाने बियांची पाकिटं मागवत. त्या गुलाबी फुलाच्या पाकिटावर छापलेलं असे: सायलीन, कॅचफ्लाय.

माश्या पकडणारं फूल! घरातली धाकटी लेक कुंडीपाशी बसून राही. एखादी मुंगी देठावर चढे, पेराखालच्या तपकिरी पट्ट्याशी येऊन अडके. झाड तिला खाईल म्हणून पोरगी वाट बघत बसे. झाड काही खात नसे.

खात नाहीच ते. कासच्या पठारावरचं दवबिंदू नावाचं रोपटं कीटक पकडतं आणि पचवतंही. पाकिटातल्या फुलाचा, म्हणजे सायलीन आर्मेरियाचा, चिकटा हा नुसता पहारा. परागीभवनाचं काम न करता मध चोरणाऱ्या मुंग्यांना तो वर जाऊ देत नाही, असं मानलं जातं. आपल्याकडच्या चित्रकाच्या फुलाला हात लावून पाहा, त्याचा देठाकडचा भागही असाच बोटांना चिकटतो.

पुढे तीच मुलगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकली आणि घरच्या फुलाचं मोठं गणगोत तिला पुस्तकात भेटलं. कार्नेशन आणि गुच्छात भरतात ती जिप्सोफिला, दोन्ही याच कुळातली. युरोपातल्या पांढऱ्या कॅम्पियनची, तीही एक सायलीनच, तर कहाणीच निराळी. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. माणसासारखी एक्स-वाय गुणसूत्रं या झाडात असल्याचं कॅथलीन ब्लॅकबर्न यांनी 1923 साली दाखवलं. हे फूल संध्याकाळी उमलतं, पतंगांना बोलावतं. त्यातला एक पतंग परागकण पोचवता पोचवता फुलातच अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या बी फस्त करतात. इतका महाग पाहुणा कोणी का बोलवावा, हा प्रश्न अभ्यासकांना अजूनही पुरून उरलाय.

लग्न, नोकरी, मग अंगण पाडून उभी राहिलेली इमारत. बाग गच्चीवर गेली, म्हणजे गमल्यांत. बाई निवृत्त झाल्या त्या सुमारास, 2012 मध्ये, रशियन शास्त्रज्ञांची बातमी आली: सायबेरियात कोलिमा नदीकाठी, खारींच्या गोठलेल्या बिळांत सापडलेल्या सायलीन स्टेनोफिलाच्या फळांतून त्यांनी झाडं वाढवली, ती फुललीही. फळांचं वय सुमारे 32 हजार वर्षं. बाईंनी कात्रण वहीत चिकटवलं आणि त्याच आठवड्यात लहानपणच्या कॅचफ्लायचं बी मागवलं. शास्त्राचा असा उपयोग शास्त्रज्ञांना अपेक्षित नसावा.

हैदराबादच्या लाल मुरमाड मातीत हे फूल जमतं, पण वेळ पाळावी लागते. पाऊस पूर्ण ओसरला की पेरणी. बी खसखशीहून बारीक, म्हणून वाळू मिसळून भुरभुरवायचं, मातीखाली गाडायचं नाही. पाणी फवाऱ्याने, तेही बेताचं. ओल जास्त झाली की रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. दोन आठवड्यांत निळसर-करडी पानं दिसू लागतात, जानेवारीच्या अखेरीपासून गुलाबी झुपके. मार्चचं ऊन तापलं की खेळ खलास. तोवर बोंडं वाळलेली असतात. त्यांची तोंडं सहा दातांनी उघडतात. बोंड कागदावर उलटं धरून झटकलं की पुढच्या वर्षाची सोय.

कॅम्पियनचा नाद मात्र हैदराबादकरांनी करू नये. ती बहुवर्षायू जात, तिला खरी थंडी हवी. इथला एप्रिल-मे तिला झेपत नाही. एकहंगामी कॅचफ्लायच लावावी. दिवाळीची साफसफाई उरकली की एका उथळ कुंडीत चिमूटभर बी टाका, होळीपर्यंत फुलं मिळतील.