किहीमची सुगरण

अलिबागजवळच्या किहीमला लोक समुद्रासाठी जातात. मी गेले ती एका पुस्तकापायी! पक्षितज्ज्ञ सालिम अलींचे १९८५ साली निघालेले आत्मचरित्र मी दुपारची आवराआवर झाली की वाचत बसे.

१९३० साली त्यांची नोकरी गेली, तेव्हा पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला येऊन राहिले. हाती वेळच वेळ! मग त्यांनी तिथल्या सुगरण पक्ष्यांवर नजर ठेवली. आणि निघाले काय? घरटे विणतो तो नर! मादी अर्धवट घरटी हिंडून पाहते. पसंत पडले तरच राहते. मग नर ते पुरे करतो, अन् ती अंड्यांवर बसली की दुसरे विणायला घेतो, दुसरीसाठी!

आणि आपण सगळे श्रेय देतो ‘सुगरणी’ला!

आमच्या ओटीवर शोभेला टांगलेल्या घरट्याला खालची नळी का नाही, हे तेव्हा कुठे उमगले. बहुधा कुणीतरी नाकारलेला संसार होता तो. किहीमच्या माडांखाली मान वर करून उभी राहिले, तेव्हा आधी तोच आठवला.

तुम्हीही जा, पावसाळ्यात. शिदोरीच्या पिशवीत पक्ष्यांचे एखादे पुस्तक मात्र आठवणीने टाका हं!