फॉर्म २

५ जुलै
शुक्रवार. लूम बंद. कामतघरात पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतोय.
पेटंटचा प्रोव्हिजनल अर्ज गेल्या ऑगस्टमधला. १२ महिन्यांत पूर्ण वर्णन द्यायचं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. एजंट बाईंनी कलम १० वर खुणा करून दिल्यात. शोध, त्याचा वापर, तो करायची रीत, सगळं पूर्ण आणि नेमकं हवं. अर्जदाराला ठाऊक असलेली सर्वांत चांगली रीतही सांगायची. शेवटी दावे.
काका ‘सर्वांत चांगली’वर अडलेत.

६ जुलै
शीर्षक १५ शब्दांच्या आत. काकांना ‘भाग्यलक्ष्मी गार्ड’ हवं. चालत नाही. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत, तिसरी भाषा नाही. ‘यंत्रमागासाठी धोटा-रक्षक’ असं काहीतरी इंग्रजीत केलं. काका म्हणाले, नगरपालिकेच्या पाटीसारखं वाटतं.

९ जुलै
आज काकांच्या शेडमध्ये बसून लिहिलं. धोटा उडाला तर डोळा जातो. म्हणून फणीपुढे आडवी सळई. पण तार तुटली की गाठ मारायला हात आत जात नाही, मग कारीगर सळई वाकवून ठेवतो. बहुतेक शेडमध्ये हेच.
काकांची सळई हँडल ओढून लूम थांबवला की आपोआप वर जाते, सुरू केला की खाली. मध्ये मोपेडची क्लच वायर, एक स्प्रिंग. सळई टेकते तिथे सायकलच्या सीटचं चामडं. चामडं काढलं तर हादऱ्याने एका पाळीत नट ढिला. मी बघितलं.

१२ जुलै
काका: “चामडं लिहू नकोस. योग्य बफर लिही.”
बाई फोनवर: ठाऊक असलेली चांगली रीत लपवली तर कलम ६४ खाली पेटंट रद्द होऊ शकतं.
काका: “मग माझ्याकडे उरलं काय?”
२० वर्षांचा हक्क, मी म्हटलं. १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, हे आज सांगितलं नाही.

१७ जुलै
मिर्झापूरचा खटला वाचला. भांडी लेथवर धरायची युक्ती, पेटंट १९५१ चं. सुप्रीम कोर्टाचा निकाल १९७८ मध्ये: जुन्यातच किरकोळ फेरफार, शोध नाही. सळई जुनी, वायर जुनी. आपलं नवं काय? हँडलचा आणि सळईचा संबंध. तो पहिल्याच पानात ठसठशीत यायला हवा.
झोप नाही.

१९ जुलै
शुक्रवार. कायद्याची कसोटी: भारतातल्या साधारण कौशल्याच्या माणसाला वर्णनावरून ते करता आलं पाहिजे. पद्मानगरच्या एका जॉबरला बोलावलं. त्याने काकांची सळई पाहिलेली नाही. हिंदीत वाचून दाखवलं. तो पाना घेऊन बसला. काकांना बोलायची बंदी.
वायर ठीक. सळईपाशी थांबला. “कितनी ऊपर? कहाँ से नापूँ?”
काका तोंडावर हात धरून बाहेर गेले.
अंतर धोटा धावतो त्या स्लेवरून मोजायचं. धोट्याच्या उंचीपेक्षा कमी. आज घातलं.

२४ जुलै
दावे. ‘क्लच वायर’ लिहिली तर उद्या कोणी पट्टी लावून सुटेल. ‘दुवा’ लिहिलं तर वर्णनात तेवढा आधार हवा. काकांनी आधी लोखंडी पट्टीही लावून पाहिली होती. खडखडायची, पण चालायची. दुसरा प्रकार म्हणून घेतली. आकृतीत शब्द नकोत, फक्त आकडे. वायर ७. चामड्याला ९ राखून ठेवलाय.

२८ जुलै
अंजूर फाट्यावर अडकले. ९ अजून रिकामा.

२ ऑगस्ट
काकांना १८ महिन्यांचं सांगितलं. चिडले. चहा न घेता गेले.
रात्री परत. खिशातून चामड्याचा तुकडा काढून टेबलावर ठेवला, व्हर्नियर लावला. जाडी सांगितली. कोणती बाजू वर, तेही: गुळगुळीत बाजू खाली, खरखरीत सळईकडे, नाहीतर सरकतं. हे मलाही माहीत नव्हतं.
“लिही. नीट लिही.”

५ ऑगस्ट
बाईंनी ऑनलाइन दाखल केलं. काकांना अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसात स्वतः जायचं होतं.

६ ऑगस्ट
सकाळी सातला काका दारात. दोन स्प्रिंग लावल्या तर सळई आणखी हलकी उठते. अर्जात घाल म्हणाले.
बाई: नवीन मजकूर आता आत जात नाही. मूळ शोधातली सुधारणा असेल तर पेटंट ऑफ ॲडिशन, वेगळा अर्ज.
“त्याची फी किती?”