भावकीच्या ग्रुपवरचा मेसेज

जोहे, ता. पेण

प्रसाद,

खारघरहून तू भावकीच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज वाचला. ‘मुलं पळवणारी टोळी पेणात शिरली आहे, भगव्या कपड्यांत भीक मागत फिरते, दिसली की सोडू नका.’ तारीख नाही, मूल कुणाचं गेलं ते नाही. मी पोलीस ठाण्यात विचारलं, तशी तक्रारच नाही. आजीने मात्र दोन्ही पोरांना घरात कोंडलंय.

काळजीपोटी टाकला म्हणशील. राईनपाड्यालाही काळजीच होती. साक्री तालुक्यातलं हे गाव. १ जुलै २०१८, रविवारचा बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी भिक्षा मागायला आलेले. त्यांच्यातला कुणी एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त पुरलं. मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्याच दिवशी मालेगावात अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं, पण तिथल्या काही माणसांनी आणि पोलिसांनी त्यांना वाचवलं. म्हणजे वाचवता येतं.

त्या वर्षी देशभर फिरलेला पोर उचलून नेण्याचा व्हिडिओ कराचीतला होता. मुलांकडे लक्ष ठेवा, हे सांगायला तिथल्या एका संस्थेने केलेला. शेवटी दुचाकीवरचे ते दोघे मुलाला परत आणून सोडतात. तेवढाच भाग कुणीतरी कापला.

पण सगळं खापर मोबाइलवर फोडू नये. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला. पालावर राहणारा, दारोदार फिरणारा म्हणजे चोर, ही समजूत राहिली ती राहिलीच. त्या मेसेजमध्ये ‘भगव्या कपड्यांत भीक मागणारे’ आहेत, ‘गाडीतून आलेले साहेब’ का नाहीत, याचा विचार कर.

आपल्याकडे गणपतीच्या मोसमात मूर्तींच्या कारखान्यांत बाहेरचे कारागीर असतात, वाडीवरची कातकरी पोरं असतात. रात्री-अपरात्री काम आटोपून चालत जातात. उद्या त्यांच्यावर शेकलं तर? आपल्या मूर्ती अमेरिकेपर्यंत जातात, आणि आपल्याला गावात परका माणूस खपत नाही!

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवायची मर्यादा घातली. आपल्या एका ग्रुपातच दीडशे माणसं, तिथे पाचाची मर्यादा काय करणार? पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने राईनपाड्याच्या खटल्यात सात जणांना जन्मठेप दिली. ज्याने पहिला मेसेज पाठवला, तो कोण हे कुणी विचारतही नाही.

नुसता डिलीट करून गप्प बसू नकोस. ज्यांनी वाचला, त्यांच्या डोक्यातून तो गेलेला नसतो. आज रात्रीच ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिही की हे खोटं आहे, आणि खरंच कुणाचा संशय आला तर ११२ ला फोन करा.

तुझा,
काका