विहिरीच्या काठावर

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. त्यानंतर त्या उपासनेला जात होत्या, शास्त्र वाचत होत्या. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. बाप्तिस्म्याला सुमारे आठ वर्षं झाली आणि हॅस्लम नावाच्या एका इंग्लिश पाळकाचं आत्मकथन त्यांच्या हाती आलं. हा गृहस्थ चर्च चालवत होता, आणि १८५१ मध्ये एका रविवारी स्वतःचं प्रवचन करता करता त्याला उमगलं, की ज्याच्याविषयी आपण बोलतो आहोत त्याची नि आपली भेटच झालेली नाही. रमाबाईंनी ते वाचून स्वतःकडे पाहिलं. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की ख्रिस्ती धर्म त्यांना मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता.

एवढ्या विदुषीने, एवढं काम उभं करत असताना, हे लिहावं! मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

मी नगरकडच्या ख्रिस्ती घरातली. आमच्याकडे रविवार शनिवारी रात्रीच सुरू व्हायचा. साड्यांना इस्त्री, ‘उपासना-संगीत’ पिशवीत, वर्गणीचे पैसे पाकिटात. घंटा, शास्त्रपाठ, प्रभुभोजन, मग मंडळीच्या अंगणातल्या गप्पा. मला हे सगळं प्रिय आहे. आईच्या मांडीवर ऐकलेली गीतं अजूनही मला रडवतात. पण गीत संपल्यावर ज्याला ते गायलं तो कुठे असतो, हा प्रश्न रविवारनंतर सोमवारी, मंगळवारी माझ्याबरोबर चालत राहायचा. घरगुती प्रार्थनेतही तेच शब्द त्याच क्रमाने यायचे. शब्द माझे होते, ओळख दुसऱ्या कुणाची तरी होती.

नोकरीने मला पालघर जिल्ह्यातल्या जव्हारला आणलं. जव्हार आणि मोखाड्याच्या पाड्यांवर पायी फिरायचं काम. पावसाळ्यात इथे डोंगर दिसत नाहीत, नुसतं पाणी दिसतं. उतारांवर बायका कमरेत वाकून नागलीची आवणी करत असतात, दाभोसाचा धबधबा गर्जत असतो. आणि त्याच मुलखात एप्रिल-मे महिन्यांत घोटभर पाण्याची वानवा. उतार तीव्र, खाली काळा कातळ, पडलेलं पाणी थांबतच नाही. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं. इथल्या पाड्यांवर टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो, आणि ते तळाशी पोचायच्या आत बायकांचे दोर खाली सुटलेले असतात. या अन्यायाबद्दल बोलायला वेगळा लेख लागेल. पण तो पाहिल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय मी लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केला होता. भर दुपार, चालून थकलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसतो, शिष्य अन्न आणायला गेलेले. एक शोमरोनी बाई पाण्याला येते आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. प्रवचनांमध्ये मी नेहमी जिवंत पाण्याबद्दल ऐकलं. त्याच्या तहानेवरून सगळे भरभर पुढे जायचे. मोखाड्याच्या एका पाड्यावर, मे महिन्यातल्या उन्हात, एका वारली बाईने विचारलं, “पाणी पिशील ना, बाय?” तिच्या दारातला हंडा कुठून आला होता ते मी वाटेत पाहिलं होतं. दरीतली विहीर, चढ, डोक्यावर दोन हंडे. मी नको म्हणाले. तिने तांब्या माझ्या हातात दिलाच आणि मी पिईपर्यंत समोर उभी राहिली.

त्या दिवशी मला कळलं, पाणी मागणं किती मोठी गोष्ट आहे. ज्याने मागितलं तो उपरा, थकलेला, रिकाम्या हातांचा. त्याने स्वतःला त्या बाईच्या हाती सोपवलं. तिने जेव्हा विचारलं, की भजन आमच्या डोंगरावर करायचं की तुमच्या यरुशलेमात, तेव्हा त्याने दोन्ही जागांच्या पलीकडे बोट दाखवलं. ही गोष्ट तो मंदिरात, धर्मगुरूंपुढे बोलला नाही. पाणी भरायला आलेल्या एकट्या बाईशी बोलला. इतका जवळ येणारा देव मला चर्चच्या बाकावर बसून दिसला नव्हता.

तेव्हापासून पाड्यांवरून परतताना मी त्याच्याशी बोलते, मोठ्याने, साध्या मराठीत. कुणाचं बाळ सुकलेलं दिसलं, कोण दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलं, कुणाचा राग आला, हे सगळं सांगते. मग विचारते, आज तुला काय हवं होतं? काही वेळा उत्तर नसतं. काही वेळा मागे टाकून आलेलं एखादं घर आठवतं आणि मी परत वळते. माझ्या प्रार्थनेची वेळ आता ठरलेली नाही, आणि ती संपतही नाही.

रमाबाईंचंही असंच झालं असावं. ओळख पटल्यावर त्या खोलीत बसून राहिल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, भुकेल्या मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ भरवला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दोघांनीही चर्चचा द्वेष केला नाही. मीही रविवारी जाते, आणि जाणार.

तुम्हीही जा. पण उन्हाळ्यात एकदा इकडेही या, जव्हारला एसटी येते. कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला तर नको म्हणू नका.